पट्ट्यावरची लेव्हिना

हॅगर्टी कोव्ह या समुद्रकाठच्या गावातल्या खेकड्यांच्या कारखान्यात लेव्हिना हॅन लग्नाआधीपासून कामाला होती. उकडत्या खेकड्यांची वाफ छातीत साठत गेली आणि शेवटी तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की या वाफेत आणखी एक हंगाम काढलास तर पुढचा दिसायचा नाही. जूनमध्ये तिने एप्रन खुंटीला अडकवला, घरी आली आणि बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. थोड्याच दिवसांत छाती मोकळी झाली. दुकानाकडचा चढ ती न थांबता चढू लागली. स्वतःचंच तिला नवल वाटे.

भत्ता मात्र नामंजूर झाला. अर्जदार अजून कामावर आहे, असं कारखान्याने कळवलं होतं.

तिचा नवरा अँब्रोज मासेमारीत पाठ घालवून बसला होता. स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर आडवा पडून तो खो खो हसला.

"तू तिकडे कामावर असतेस, तर मग दिवसभर माझं डोकं कोण खातं?"

"हस. हिवाळ्यात तेवढंच उरणारे खायला."

तिने अपील केलं. सुनावणी फोनवरच होणार होती. सिरिलच्या हापिसात कुणीतरी नाव कमी करायला विसरलं असणार, अशी तिची खात्री होती. सिरिल म्हणजे कारखान्याचा मुकादम, साधाभोळा माणूस. ती काही चिडली नाही. जाळ्यात गुंता दिसला की बाकीचे सुरी काढायचे आणि ही मांडी घालून टोक शोधत बसायची, असा तिचा स्वभाव.

दुकानात तिला गर्टी भेटली. कारखान्यात खेकडे वाहून आणणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर दोघी वर्षानुवर्षं समोरासमोर उभ्या राहिलेल्या. लेव्हिनाला बघताच गर्टीने तोंड फिरवलं.

"काय झालं गं?"

"आत्ता वाचा फुटली होय? एवढे दिवस माझ्यासमोर उभी असतेस, पण तोंडातून चकार शब्द नाही. माझं काही चुकलं असेल तर सांग ना बये!"

"गर्टी, मी जूनपासून घरी आहे."

गर्टीने पावाची पिशवी छातीशी धरली. "आज सकाळी तुझी टोपी मी नीट केली. कान केवढा गार लागला गं तुझा! आणि तो खोकला... मला तर ऐकवत नाही."

लेव्हिनाने आपला कान चाचपून पाहिला. गरम होता.

अँब्रोजला ती काही बोलली नाही. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी जेवण उरकल्यावर ती कारखान्याच्या रस्त्याला लागली. धुकं खाली उतरलं होतं आणि पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. एकदा खिडकीतून डोकावून बघायचं, एवढंच. पण वळणाशी आली आणि तिचा श्वास पुन्हा शिट्टीसारखा वाजू लागला. वाफेचा वास असेल. ती थांबली, तरी शिट्टी थांबेना. माघारी वळल्यावरच जरा मोकळं वाटलं.

सुनावणीच्या सकाळी ती स्वयंपाकघरात फोन कानाला लावून बसली. अँब्रोज पुढच्या पायऱ्यांवर पाईप ओढत होता. निकाल देणाऱ्या बाई सेंट जॉन्स शहरातून बोलत होत्या. आवाज थकलेला, पण मायाळू. सिरिल कारखान्यातून बोलत होता.

"लेव्हिनासारखी बाई नाही," तो म्हणाला. "एक दिवस खाडा नाही तिचा. खोटं कशाला बोलू?"

"आज आली आहे का कामावर?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! या काचेतून दिसतेय ना मला."

"मग फोनवर कोण आहे?"

"तेच मला कळत नाहीये, बाई. आवाज तर तिचाच आहे."

लेव्हिनाच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. तिने काही न बोलता डावा हात हळूच वर केला.

"थांबा जरा," सिरिल म्हणाला. "हात वर केलाय तिने. बाहेर जायचं असेल."

लेव्हिनाने हात खाली घेतला.

"नाही. केला खाली."

बाईंनी तिला फोनवर बोलवायला सांगितलं. सिरिलची पावलं लांब गेली. दार उघडल्यावर घरघर मोठी झाली. मग कुणीतरी फोन उचलला.

आधी श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"लेव्हिना हॅन."

स्वयंपाकघरात बसलेल्या लेव्हिनाने एक शब्दही उच्चारला नव्हता.

"तुम्ही काम सोडलंय का?"

बराच वेळ खोकला ऐकू येत राहिला. "सोडायचंच होतं," तो आवाज म्हणाला. "जा, असं कुणी म्हटलंच नाही. मी आता घरी जाऊ का?"

लेव्हिनाने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. छातीतून नुसती शिट्टी आली.

बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. अपील करणारी बाई हीच, असं त्या समजल्या असाव्यात. "किती त्रास होतोय तुम्हाला! काम सोडायला तुमच्याकडे सबळ कारण होतं. अपील मंजूर करते मी. जा तुम्ही घरी."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून सिरिल ओरडला, "अगं, कोट तरी घाल! बाहेर गारठा आहे!"

फोन बंद झाला.

लेव्हिना टेबल धरून उभी राहिली. कारखान्यापासून घर काही लांब नव्हतं. उतारावरून आलं की डावीकडचं तिसरं. खिडकीपाशी जावं, बघावं, असं तिला फार फार वाटत होतं. पण एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता.

बाहेर पायऱ्यांवर अँब्रोजने पाईप झटकला.

"आलीस?" तो कुणाला तरी म्हणाला. "अगं, मला वाटलं तू आतच आहेस."