दोन राजांचं सिंहासन केवढं?

माझ्या नातवाचं बारसं झालं ते साल २०४७. पौषातली थंडी होती. बारशाला पुण्याहून माझा धाकटा भाऊ नेमगोंडा आला. तो जन्मभर मोजमापाच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होता. चार दिवसांसाठी म्हणून आला आणि आमच्या हुपरीतच राहिला, कारण बाळाच्या बहिणीने, दहा वर्षांच्या शर्वाणीने, पाळणा हलवता हलवताच त्याला कोडं घातलं.

"नेमूआजा, ज्या सिंहासनावर दोन राजे बसले, ते माझ्या तळहातावर कसं काय मावतंय?"

नेमूला वाटलं, पोरगी गंमत करते आहे. तिने त्याच्या डोळ्यांवर आपला चष्मा चढवला. तो आभासी दर्शनाचा चष्मा होता (जे समोर नाही ते समोर असल्यासारखं दाखवणारा). नेमूने हात पुढे केला, तर खरंच तळहातावर एक चांदीचं सिंहासन उभं होतं. त्यावर नक्षी बारीक, सोनेरी मुलामा झळझळीत, आणि बसायला दोन जागा शेजारी शेजारी. पण सगळं मिळून बाहुलीच्या खेळातल्या खुर्चीएवढं.

त्याचं असं झालं होतं. त्या वर्षी मुलांना रशियाच्या राजघराण्याचा इतिहास पुस्तकातून नव्हे, तर संग्रहालयात फिरून शिकवायचा होता. मॉस्कोला कोण जाणार? म्हणून देशोदेशीच्या शाळांनी मिळून एक आभासी संग्रहालय उभं करायचं ठरवलं. मूळ वस्तूंचे फोटो मॉस्कोहून यायचे आणि एकेका शाळेने एकेक वस्तू घडवायची. आमचं गाव चांदीकामाचं. घरोघरी पैंजण, वाळे, करदोटे घडतात. म्हणून शर्वाणीच्या शाळेतल्या उपाध्ये सरांनी चांदीचं सिंहासन मागून घेतलं.

सिंहासनाची गोष्टही तशीच नवलाची. १६८२ साली रशियाचा झार (तिथल्या राजाला झार म्हणत) वारला. त्याचे भाऊ दोन. पंधरा वर्षांचा इव्हान, तब्येतीने नाजूक. आणि दहा वर्षांचा पीटर, सावत्र पण धडधाकट. कोणाला गादी द्यायची यावरून मोठा दंगा झाला आणि शेवटी दोघांनाही राजे केलं. दोन राजांना एक सिंहासन, त्याला दोन बैठका. कारभार मात्र मोठी बहीण सोफिया पाहायची. सिंहासनाच्या पाठीला एक छोटी खिडकी ठेवलेली आहे. परदेशचा वकील (राजदूत) दरबारात आला की पडद्याआडून त्या खिडकीतून मुलांना उत्तरं सांगितली जात, असं म्हणतात.

शर्वाणीला ही खिडकी फार आवडली होती. आठ फेब्रुवारीला संग्रहालय उघडायचं होतं आणि सिंहासनापाशी उभं राहून पाहुण्यांना माहिती द्यायला सरांनी तिलाच निवडलं होतं. पण संग्रहालयाचा एक कडक नियम होता. ज्या वस्तूचं माप खात्रीचं नाही ती रंगीत दाखवायची नाही. ती धुक्यासारखी करडी दिसणार, आणि वर लिहिलेलं असणार, 'अंदाज'. खोटं शिकवण्यापेक्षा माहीत नाही म्हणणं बरं, असा त्यामागचा विचार. पण हुपरीचं चांदीचं सिंहासन करडं? शर्वाणीला जेवण जाईना.

वर्गातल्या मुलांनी सिंहासन अंदाजाने मोठं करून पाहिलं होतं. कोणी कपाटाएवढं केलं, कोणी देवळाच्या कमानीएवढं, कारण राजा म्हणजे मोठाच असणार. कमानीएवढं केल्यावर खिडकी इतकी उंच गेली की सोफियाला उत्तर सांगायला शिडी लागली असती. त्यावरून मुलं दिवसभर हसली. शर्वाणी तेवढी हसली नाही.

नेमूने तिला अंगणात नेलं. मी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत बसले. त्याने तिला आधी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला लावला. दोरा सारखा सुईच्या बाजूने जाऊ लागला. दोन्ही डोळे उघडल्यावर लगेच ओवला गेला. मग त्याने समजावलं. आपले डोळे एकमेकांपासून थोडे दूर आहेत, म्हणून प्रत्येकाला चित्र थोडं वेगळं दिसतं. जवळची वस्तू दोन चित्रांत जास्त सरकते, लांबची कमी. त्या सरकण्यावरून मेंदू अंतर ओळखतो. यंत्रही तेच करतं. सिंहासनाभोवती फिरत काढलेले शेकडो फोटो घेतं, नक्षीतल्या एकाच पाकळीचं टोक कुठल्या फोटोत कुठे दिसतं ते पाहतं आणि त्यावरून घाट उभा करतं. याला छायामापन म्हणतात (फोटोंवरून वस्तूचा आकार काढणं).

"मग घाट बरोबर आला आणि माप का चुकलं?" शर्वाणीने विचारलं.

नेमूने माझ्याकडे हात केला. "आक्का, दोन दागिने दे."

मी बाळाचा चांदीचा वाळा आणि घरातला नवरीचा तसल्याच घडणीचा तोडा दिला. नेमूने दोन्हींचे फोटो पांढऱ्या कापडावर काढले, एकाचा जवळून, एकाचा लांबून. मग मला विचारलं, यातला बाळाचा कुठला. चाळीस वर्षं चांदीची जोडकामं केली मी, पण सांगता आलं नाही. दोन्ही एकसारखेच दिसत होते.

"जवळची लहान वस्तू आणि लांबची मोठी वस्तू फोटोत सारखीच," तो म्हणाला. "डोळ्यांचं तसं नाही. दोन डोळ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, ते मेंदूला पाठ आहे. फोटो काढणारा दोन फोटोंच्या मध्ये केवढं पाऊल टाकतो ते यंत्राला कुठं ठाऊक? म्हणून शेजारी एक मापपट्टी ठेवतात. एक लांबी खरी कळली की बाकी सगळी प्रमाणात (त्याच पटीत) आपोआप कळतात. तुमच्या फोटोंत पट्टी नव्हती काय?"

शर्वाणी हळूच म्हणाली, "होती. काळी-पांढरी. मी पुसली."

आमच्या गावात हे कोणीही केलं असतं. व्यापाऱ्याला पैंजणाचा फोटो पाठवायचा तर आजूबाजूचं सगळं पुसून माल तेवढा ठेवतात. बोट दिसलं तरी गिऱ्हाईक नाक मुरडतं. शर्वाणी हे काम तिसरीपासून करते. राजाच्या सिंहासनाशेजारी ती पट्टी तिला कचऱ्यासारखी वाटली. शिवाय यंत्रही घरचंच वापरलं, पैंजणांवर बसवलेलं. लांबी सापडली नाही म्हणून त्याने सिंहासनाला पैंजणाचं माप लावलं.

पट्टी असलेले मूळ फोटो उरले नव्हते आणि पुन्हा मागवायला वेळ नव्हता. पत्र पाठवलं होतं, पण उत्तर उद्घाटनानंतर येणार होतं. नेमू म्हणाला की फोटोंत दुसरी एखादी ओळखीच्या मापाची वस्तू असेल तर शोध. ती रोज शाळेतून आली की चष्मा लावून सिंहासनाभोवती फिरायची. दालनात दुसरं होतं तरी काय? फरशी, भिंत आणि एका बाजूला काचेचं रिकामं कपाट.

एका संध्याकाळी ती खिडकी पाहायला सिंहासनामागे गेली. सोफियासारखं वाकून पाहिलं, मागे वळली आणि तशीच थांबली. मग मला हाक मारली आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर दिला.

"आज्जी, काचेच्या आत बघ."

कपाटाच्या काचेपलीकडे आणखी एक दालन दिसत होतं. तिथेही सिंहासनाची कड होती, आणि तिच्या शेजारी फरशीवर एक काळी-पांढरी पट्टी.

नेमूने पाहिलं आणि टाळी वाजवली. मुलीने पट्टी पुसली, पण काचेतलं तिचं प्रतिबिंब पुसायचं राहिलं. यंत्राला प्रतिबिंब म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून त्याने काचेमागे खरीच खोली आहे असं धरून तीही घडवली होती. शर्वाणीने लगेच शंका काढली, प्रतिबिंबातली पट्टी खरी धरायची का? आपल्या घासलेल्या वाटीत तोंड केवढं वेडंवाकडं दिसतं. नेमूने तिला आरशासमोर उभं केलं. वाटी वाकडी असते म्हणून प्रतिबिंब फसवतं. सपाट काचेतलं प्रतिबिंब वस्तूएवढंच असतं, आणि वस्तू काचेपुढे जितकी लांब तितकंच ते मागे.

पट्टी एक मीटरची होती, तिच्यावर उलट्या अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं. शर्वाणीने यंत्राला तेवढं सांगितलं. सिंहासन डोळ्यांसमोर वाढत गेलं आणि एका जागी थांबलं. ती पुढे होऊन पीटरच्या बैठकीला आपलं अंग लावून उभी राहिली. दहा वर्षांचं पोर बसावं आणि शेजारी थोडी जागा उरावी, एवढीच ती होती.

आठ फेब्रुवारीला सिंहासन करडं नव्हतं. चांदीचं होतं. तालुक्यातल्या शाळा आल्या, मॉस्कोतला एक वर्गही आला, दुभाषा यंत्रासह. शर्वाणीची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण त्या दिवशी नेमूलाच काळजी. त्याने तिला कानात घालायला छोटं यंत्र देऊ केलं, अडलं तर मी सांगतो म्हणाला.

"मी काय इव्हान आहे, मागून सांगायला?" ती म्हणाली आणि यंत्र त्याच्या खिशात टाकलं.

ती कुठे अडली नाही. मापाची चूक तिने स्वतः सांगितली आणि पट्टी कशी सापडली तेही दाखवलं. मॉस्कोच्या मुलांनी काचेत वाकून पट्टी पाहिली. आता म्हणे सगळ्या शाळांना फोटो पाठवताना पहिली ओळ तीच असते, पट्टी पुसू नका. पुढच्या वर्षी मुलं जहाजं घडवणार आहेत, पीटरने मोठेपणी बांधवली तशी. मला साठीत अक्षरं आली, त्यांचा उपयोग करून हे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या पोरांना कळेल की ते सिंहासन हुपरीत मोजलं गेलं.

माहिती सांगताना शेवटी ती म्हणाली तेच मीही लिहिते, शेवटची ओळ तेवढी माझी. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे झार इव्हान ८ फेब्रुवारी १६९६ रोजी वारला. झार पीटर ८ फेब्रुवारी १७२५ रोजी वारला. माझा भाऊ नेमगोंडा ३ डिसेंबर २०४९ रोजी वारला.