दुसरी टिचकी

एकाच भोपळ्याला मशीन एकदा ‘फेका’ म्हणालं आणि लगेच ‘झकास’. भोपळा तोच, मशीन तेच. का, सांगा बरं?

थांबा, मीच सांगते. मिरजेत आमचा सतारी बनवायचा कारखाना आहे ना, तर सतारीचा तो खालचा गोल भाग असतो वाळलेल्या भोपळ्याचा. तो निवडतात माझे दादाजी, म्हणजे अब्बूंचे अब्बा. टिचकी मारायची, कान लावायचा, बास. पण आता त्यांना वाकवत नाही, म्हणून अब्बूंनी निवडणारं मशीन आणलं. दादाजींनी तीनशे भोपळे तपासताना झालेले आवाज त्याला ऐकवले आणि कुठला चांगला, कुठला वाईट तेवढं सांगितलं. हा झाला डेटा (शिकायला दिलेली उदाहरणं). नियम कुणीच शिकवत नाही, मशीन आपलं आपण खूण शोधतं.

मग नव्या मालाचा टेम्पो आला. मशीनच्या हाताने टिचकी मारली. फेका. पुढचा, फेका. सगळेच फेका. अब्बू शेतकऱ्याला फोन करायला निघाले, माल परत न्या म्हणून. दादाजी नुसते स्वतःचा कान चोळत बसले. त्यांना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, म्हणून आपण चुकीचं शिकवलं.

मी जुनं रेकॉर्डिंग लावलं. वाईट भोपळा, टक्. चांगला, टक् टक्. परत वाईट, टक्. मी धावत जाऊन मशीनसमोर एक भोपळा धरला. एक टिचकी मारली, ‘फेका’. दोन मारल्या, ‘झकास’.

भोपळा आवडला की दादाजी खुशीत आणखी एक टिचकी मारतात. मशीन नाद ऐकतच नव्हतं, टिचक्या मोजत होतं. आणि त्याचा हात मारतो एकच.

अब्बूंनी फोन खिशात टाकला. दादाजी म्हणाले, “पन्नास वर्षांचं कसब समोर ठेवलं, आणि उचललं काय, तर माझी खोड.”

“मी पण तेच उचललंय,” अब्बू म्हणाले.

आता दादाजी खुर्चीत बसून मशीनला नव्याने शिकवतात, एका भोपळ्याला एकच टिचकी. सोपे भोपळे मशीन निवडतं, शंका आली तर त्यांना विचारतं. दादाजी म्हणतात, “या वयात मला मास्तरकी लागली.” उद्या मी सतारी करायला लागेन, तेव्हाही त्यांचा कान मशीनमध्ये असेल.

काल एक भोपळा इतका गोड वाजला, की दादाजींनी हात मांडीखाली दाबून धरला. मला म्हणाले, “रुमाना, रेकॉर्डिंग बंद कर.”

मी बंद केलं. मग त्यांनी हळूच दुसरी टिचकी मारली.