मिळेल ते

मास्तरांच्या मागच्या दाराची कडी बसत नव्हती, म्हणून सुतार त्यांच्याकडे गेला होता. काम किरकोळ होतं. चौकट ओलीने फुगली होती, थोडा रंधा मारला की भागणार होतं. मास्तर शेजारी स्टुलावर बसून बघत होते. एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नव्हे. जन्मभर शाळेत बोलून जिभेला सवय लागलेली. बायको गेल्यापासून ते घरात भिंतींनाच शिकवतात, असं गल्लीतली पोरं म्हणायची. पण त्या दिवशी ते बोलले ते अगदी हळू.

"एक पाय करून देशील का?"

"खुर्चीचा?"

"जनावराचा."

सुताराने रंधा खाली ठेवला.

गोष्ट नदीकाठच्या रानाची होती. वस्ती संपून नदी जिथे वळण घेते तिथे दलदल, माणसाहून उंच लव्हाळी आणि वेडीवाकडी झाडं, असा एक पट्टा कुणाच्याच हाती न लागता शिल्लक राहिला होता. आता तिथे काँक्रीटची भिंत आणि भिंतीवर फिरायला रस्ता होणार होता. मास्तर, सुतार, त्याची बायको, निवृत्त झालेल्या नर्सबाई आणि आणखी थोडी माणसं दर रविवारी त्या रानातला कचरा उचलत. अर्ज करून, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांच्या नाकी नऊ आले होते. साहेब लोक एकच विचारायचे, तिथे दुर्मीळ असं काय आहे? बगळे आहेत, कासवं आहेत, म्हटलं की मान हलवून पुढची फाईल ओढायचे. दुर्मीळ काही नव्हतंच. ते नुसतं रान होतं.

सुताराचा त्या रानावर भारी जीव होता. लग्न झालं तेव्हा त्याच्या घरी दोन खोल्यांत खंडीभर माणसं. नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायची सोय नव्हती. दोघं वेगवेगळ्या वाटांनी रानात जायची, आणि लव्हाळ्यांच्या पलीकडून तो हळूच हाक मारायचा, "ए, ऐकतेस का?" ही हाक त्याने घरी कधी मारली नाही. ती फक्त रानातली होती. आता घरात दोघंच उरली होती, मूलबाळ झालं नव्हतं, तरी संध्याकाळी तिथे जाऊन बसायची सवय काही सुटली नव्हती.

तेव्हा त्याने पाय केला. एका जाड फळकुटातून तळहाताहून थोरला, चार बोटांचा. शेवटी पटाशी निसटली आणि कडेचं एक बोट उडालं.

"गेलं सगळं वाया," तो म्हणाला.

बायको दारात उभी राहून बघत होती. "वाया कशाला? तीन बोटांचं जनावर जगात कुठे नसेल. त्यांना दुर्मीळच हवं आहे ना?"

दोघंही हसली.

मग काय, पाय काठीला ठोकला आणि एका पहाटे मास्तर आणि सुतार यांनी चिखलात ठसे उमटवले. लोकांनी ते पाहिले, फोटो काढले, बोभाटा झाला. आठवड्याभरात पाहणीचे साहेब आले, आणि शाळेच्या एका वर्गात सुनावणी बसली. साहेब तरुण होते, नम्र होते आणि फार प्रश्न विचारत होते.

"कुणी पाहिलंय का ते?"

मास्तर उठले. "मी पाहिलंय. अंधुक उजेडात. वासराएवढं असेल."

सुताराने खाली मान घातली. हे ठरलं नव्हतं.

"आवाज?"

आता नर्सबाई उठल्या. आयुष्यभर रुग्णांना धीर द्यायला खोटं बोललेली ती बाई, तिला हे काय जड? "माणसासारखा आवाज आहे हो. आपल्याच घरातलं कुणी हाक मारतंय असं वाटतं."

साहेबांनी पेन उचललं.

"खातं काय?"

याचा कुणीच विचार केला नव्हता. मास्तर नर्सबाईंकडे, नर्सबाई सुताराकडे पाहू लागल्या. घोडं इथेच पेंड खाणार असं दिसलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून सुताराच्या बायकोने उत्तर दिलं.

"मिळेल ते."

सगळे हसले. साहेबही हसले. पुढचा हुकूम येईपर्यंत काम थांबवा, असं सांगून ते गेले.

महिनाभर ही मंडळी हवेत होती. मग एका संध्याकाळी सुताराला पाणवठ्याजवळ नवे ठसे दिसले. आपल्याला न सांगता मास्तर पुन्हा जाऊन आले, असं त्याला वाटलं. पण तो लाकडी पाय तर त्याच्याच कारखान्यात, म्हणजे घराच्या मागच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला होता. त्यावरचा चिखल कधीच सुकून भुरभुरीत झाला होता.

आणि हे ठसे खोल होते. त्या पहाटे दोघांनी काठीवर सगळा भार टाकला होता तरी बोटाच्या पेराएवढासुद्धा खड्डा पडला नव्हता. हे ठसे करणाऱ्याला वजन होतं, वासराएवढं. बोटं तीन. कडेला, जिथे पटाशी निसटली होती, तिथे तोच तिरपा तुटका काप.

बोलाफुलाला गाठ पडली म्हणावं, तर अशी कशी पडेल? त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या काही दिवसांत काठावरची भटकी कुत्री दिसेनाशी झाली. मग बगळे गेले. रानात एक वास यायला लागला, ओल्या भुशाचा. नुकत्याच कापलेल्या लाकडाचा तो वास सुताराच्या आवडीचा, पण आता तो आला की त्याची पावलं घराकडे वळायची.

मग मास्तर गेले. दिवेलागणीला ते काठावर उभे होते, असं शेवटचं नर्सबाईंनीच पाहिलं. त्या सुताराच्या घरी आल्या आणि दार लावून घेतल्यावरच बोलल्या.

"मला म्हणाले, ही बोलावतेय बघा... इतक्या दिवसांनी."

"ही कोण?" सुताराच्या बायकोने विचारलं.

"त्यांची बायको. मलाही ऐकू आलं. तिच्या शेवटच्या दिवसांत मीच होते तिच्याजवळ, तिचा आवाज मला ओळखू येणार नाही का?" नर्सबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. "मी ते मनानेच सांगितलं होतं हो... आवाजाचं. सुचलं ते बोलले मी."

मास्तरांच्या चपला लव्हाळ्यांत सापडल्या. चष्माही सापडला, घडी घातलेला. नदीत गळ टाकून झाले, बाकी काही मिळालं नाही.

त्या संध्याकाळी सुताराची बायको म्हणाली, "मी 'मिळेल ते' म्हणाले. गवत खातं म्हणाले असते, तर काय बिघडलं असतं?" आणि ती रडली. सुतारालाही रडू आलं. आपल्या हातांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो उचलायचा तर एकच उपाय दिसत होता. जनावर नाही असं सांगायचं. सांगितलं की रान जाणार, भिंत होणार.

"रान गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "बसायला ओसरी आहे आपल्याला."

सकाळी त्याने पाय पिशवीत घातला. निघताना बायकोला बजावलं, "आतून कडी लाव. मी आल्याशिवाय उघडू नकोस. आणि माझी हाक आली तरी आधी खिडकीतून बघ."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. लाकडी पाय हातात घेऊन उलटसुलट केला, तुटक्या बोटावरून अंगठा फिरवला. चिडले नाहीत.

"तुम्ही भिंतीवाल्यांचे पैसे घेतलेत का?"

"नाही हो, साहेब. खरं सांगतोय. ते जनावर नाहीच. आम्ही बनवलं ते."

"असं कसं म्हणता?" साहेबांनी पाय टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे झोप न मिळाल्यासारखे लाल होते. "परवा मी काठावरच्या विश्रामगृहात मुक्कामाला होतो. पाहिलं मी त्याला. तुमच्या लोकांनी एक गोष्ट सांगितली नव्हती, ती मी आज सकाळी वर कळवली."

"कोणती?"

साहेबांनी खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. "कडी काढता येते त्याला. बाहेरून."

सुतार पाय तिथेच टाकून निघाला. सडकेने घर लांब पडलं असतं, म्हणून तो काठाकाठाने धावला. लव्हाळी तोंडावर आपटत होती. एक चप्पल चिखलात रुतली ती त्याने काढली नाही. भर दुपार होती, ऊन चटचटत होतं, आणि रानात एका पाखराचा आवाज नव्हता.

घराचं दार सताड उघडं होतं.

बायको पुढच्या खोलीत बसली होती, धडधाकट. त्याच्या सदऱ्याला बटण लावत होती. सुताराच्या जिवात जीव आला. उंबऱ्याशी उभा राहून तो नुसता धापा टाकत राहिला.

तिने दोरा दाताने तोडला. मान वर न करताच म्हणाली, "परत कधी बाहेर पडलात?"

"परत म्हणजे?"

"मघाशी आलात ना? मी खिडकीतून बघायला उठतेय, तोवर कडी काढून आतसुद्धा आलात. माझ्याकडे न बघताच तडक कारखान्यात गेलात. मी म्हटलं, साहेब ओरडले असणार." तिचा हात थांबला. "पण कडी तर मी आतून लावली होती..."

सुताराने तोंड उघडलं, पण धापेमुळे शब्द फुटेना.

मागच्या खोलीत भुशावरून काहीतरी जड सरकलं. मग आवाज आला, त्याचाच. हळू, लाडात, तरुणपणी लव्हाळ्यांपलीकडून यायचा तसा.

"ए... ऐकतेस का?"

बायको उठून उभी राहिली. तिने आतल्या दाराकडे पाहिलं. मग उंबऱ्यातल्या सुताराकडे पाहिलं, जो अजून धापाच टाकत होता. आणि मग एक पाऊल मागे, आतल्या दाराकडे सरकत, तिने चिखलाने माखलेल्या त्याच्या पायांची बोटं मोजायला सुरुवात केली.