दहावं वाक्य

जिलानी सर जिन्यात साहेबरावांच्या पायावर पाय देऊनच वर आले. आधी "सॉरी" म्हणाले आणि मग नाव सांगितलं.

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या त्या दोन खोल्यांत मालविका औसेकर चौकशीची कामं घ्यायची. बहुतेक कामं लग्नाच्या स्थळांची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असली. साहेबराव तिचे मदतनीस. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते. चेहऱ्यावरून माणूस ओळखतो, असा त्यांना भारी अभिमान होता आणि दहापैकी आठ वेळा ते चुकायचे.

"एका मुलीवर माझ्या हातून अन्याय होतोय असं वाटतंय," सर म्हणाले. "पुरावा मात्र तिच्याच विरुद्ध आहे. उद्या सकाळी क्लासमधून आणि वसतिगृहातून तिचं नाव काढणार. त्याआधी पेपर फोडणारा खरा चोर शोधून द्या, मॅडम."

ते साल २००३. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. जिलानी सर मूळचे नांदेडचे. चार वर्षांपासून इथल्या एका मोठ्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांची पद्धत साधी होती. रोज फळ्यावर एक नेहमीचा इंग्रजी शब्द लिहायचा. मुलांनी त्याचे अर्थ शोधायचे आणि रोजच्या वापरातली वाक्यं स्वतः करायची. परीक्षेतही प्रश्न तोच, फक्त शब्द गुप्त. सोमवारच्या परीक्षेतला शब्द होता 'सॉरी'. वाक्यं दहा.

"त्याचे दहा वापर कुठून आणायचे?" साहेबराव पाय चोळत म्हणाले. "पाय तुडवला की सॉरी. झालं."

"असं कसं? ऐकू आलं नाही तरी सॉरी, म्हणजे परत सांगा. नकार देतानाही सॉरी. कुणाच्या घरी मयत झाली तर सॉरी, तिथे चूक आपली नसते." सरांचा चेहरा वर्गात उभं राहिल्यासारखा खुलला आणि लगेच उतरला. त्यांनी दोन कागद पुढे ठेवले. एक त्यांचं नमुना उत्तर, दुसरी विशाखा नावाच्या मुलीची उत्तरपत्रिका.

दोन्हीकडचं दहावं वाक्य इंग्रजीत शब्दाला शब्द तेच होतं. दगड उचलण्याआधी जवान मला सॉरी म्हणाला.

"हे वाक्य कुठल्याही गाईडात नाही," सर म्हणाले. "माझ्या रजिस्टरातलं आहे. रजिस्टर आणि पेपर कुलपात होते. सगळ्या वर्गासमोर मी तिला उभं केलं. रागात चोर म्हणालो. ती रडली नाही की भांडली नाही. तेव्हापासून मला जेवण जात नाही."

मालविकाने विशाखाचा कागद पुन्हा वाचला. "हिला गुण किती दिले असतेत?"

"वीसपैकी सोळा. दोन वाक्यं साफ चुकलीत."

"तुम्ही हिला कधीपासून ओळखता?"

"यंदा जूनपासून. भूकंपातली अनाथ मुलगी. मोफत जागेसाठी मीच तिची शिफारस केली."

"भूकंपात तुम्ही कुठे होता?"

"नांदेडला. फडताळातली भांडी वाजली, तेवढंच आम्हाला कळलं. का?"

"सहज," मालविका म्हणाली. सहज ती काहीच विचारत नसे, हे साहेबरावांना ठाऊक होतं. पण का विचारलं ते कळत नसे.

क्लासवर आधी भेटला सरांचा भाचा मुज्तबा. पेपर काढणं, झेरॉक्स, वह्या हे सगळं त्याच्याकडे.

"कपाटाची किल्ली दोघांकडं. मामूंकडं अन् माझ्याकडं," त्याने न विचारताच सांगून टाकलं.

साहेबरावांनी मालविकाला कोपराने खुणावलं.

"पेपरचं पाकीट कुणी फोडलं?"

"मीच, वर्गात, समद्यांसमोर. मामूंची सही जशीच्या तशी व्हती. पोरांनीबी पाहिली."

"आणि रजिस्टर?"

"ते माझ्याच हातचं हाय. गुरुवारी मामू वह्या तपासतेत अन् आवडलेल्या वाक्याला लाल खूण करतेत. मी तेवढी वाक्यं उतरवून घेतो. चार वर्षांची हायेत. निलंग्याकडं उन्हाळी वर्ग घेतले, त्यातलीबी. पत्र्याच्या शेडमंदी दोनदोनशे पोरं बसायची. लई गरम व्हायचं."

मालविकाने रजिस्टर चाळलं. ओळीने वाक्यं होती. तिने हलकेच मिटून ठेवलं.

क्लासचे मालक आप्पासाहेब घाईत होते. "चौदाशे पोरं हायेत माझ्याकडं. एकीची चोरी झाकली तर उद्या समदेच करतील. अन् तिनं तर कबूल केलंय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हे वाक्य मला आधीपासून ठाऊक व्हतं. मी अन् सर, दोघांनीबी ऐकलं. अजून काय पायजे?"

"ही जागा रिकामी झाली तर कुणाला जाणार?"

आप्पासाहेब जरा चपापले. "माझ्या मेहुण्याची पोरगी यादीत हाय. पण त्याचा अन् याचा संबंध न्हाई."

साहेबरावांच्या मनातला चोर क्षणात बदलला.

विशाखा वसतिगृहाच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. जायची तयारी चालली होती.

"मी पेपर चोरला न्हाई," ती म्हणाली.

"मग वाक्य कुठून आलं?"

"सरांना इचारा."

"सर म्हणतात, त्यांचं आहे."

"सर म्हणलेत तर त्यांचं असंल." तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "त्यांच्यामुळंच मी इथं हाय."

"भूकंपात तू किती वर्षांची होतीस?"

"सात."

मालविका तिच्याशेजारी पलंगावर बसली. "तुझ्या जुन्या वह्या असतील तर दाखव. तू स्वतःहून देशील तरच घेईन."

विशाखाने पत्र्याची पेटी उघडली. बाहेर पडताना मालविकाच्या हातात एक वही होती.

तासाभराने सगळे आप्पासाहेबांच्या खोलीत जमले. विशाखा दाराशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मला आधी मुज्तबावर शक होता," साहेबराव हळूच म्हणाले. "आता आप्पासाहेबांवर हाय."

"दोघांनाही सोडा," मालविका म्हणाली. "पाकिटावरची सही शाबूत होती. पेपर फुटलाच नाही. आणि ज्याच्या हाती नमुना उत्तर लागलंय तो एकच वाक्य उचलून बाकीच्यांतली दोन चुकवत बसेल का? विशाखाचं एकच वाक्य सरांच्या वाक्याशी जुळतं. तेव्हा पेपर कुणी चोरला हे विचारण्यात अर्थ नाही. हे वाक्य मुळात कुणाचं, एवढंच विचारायचं."

"माझं," जिलानी सर म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"सर, तुमची बाकीची नऊ वाक्यं बस, फोन, ऑफिस यांची आहेत. दहाव्यातच दगड आणि जवान कुठून आले? आणि त्यात 'मला' म्हणणारा कोण? तुमच्या घरी तर नुसती भांडी वाजली."

मालविकाने नमुना उत्तराचा कागद सरांपुढे सरकवला.

"मुज्तबा मुलांच्या वह्यांतली वाक्यं उतरवून घेतो. मी रजिस्टर पाहिलं. एकाही वाक्यापुढे मुलाचं नाव नाही."

"वाक्य चांगलं असलं की झालं, असं मामू म्हणायचे," मुज्तबा पुटपुटला.

"चार वर्षं ती वाक्यं सर वाचत आले, वर्गात सांगत आले. हे एक त्यांनी नमुन्यासाठी राखून ठेवलं, कारण ते सगळ्यात चांगलं होतं. तोवर ते आपलं नाही, हेच विसरले. विशाखा म्हणाली, मला आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही त्याला कबुली समजलात. ती खरं तेच सांगत होती."

मालविकाने वही उघडून सरांपुढे ठेवली. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळी वर्ग. चौदा वर्षांच्या मुलीचं बाळबोध अक्षर. तेच वाक्य, त्यापुढे लाल खूण आणि सरांच्या हातचं 'छान'.

सरांनी चष्मा काढला. त्यांना अक्षर दिसेना.

"दोनशे पोरं असायची," ते म्हणाले. "मला चेहराही आठवत नाही. पोरी, तू बोलली का नाहीस?"

"जवान माझ्या अंगावरचा एकेक दगड काढत व्हता," विशाखा म्हणाली. "पायावरचा काढताना दुखणार, म्हणून आधी सॉरी म्हणला. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या वहीत पहिल्यांदा लिव्हलं." तिने सरांकडे पाहिलं. "समद्यांसमोर तुम्ही म्हणलात, हे माझं वाक्य हाय. मग मी काय बोलणार? तुम्ही खोटं बोलता म्हणू? अन् तुम्ही इचारलंच कुठं, सर. तुम्ही सांगितलंत."

"मिटलं तर मग," आप्पासाहेब घाईने म्हणाले. "नाव काढत न्हाई. सर, तुम्ही इथंच तिची माफी मागून टाका."

"इथं नको," विशाखा म्हणाली. "चोर म्हणलं तवा वर्ग भरलेला व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जिलानी सरांनी भरल्या वर्गात सगळं सांगितलं. वाक्य कुणाचं, चूक कुणाची, काहीच लपवलं नाही. सांगताना दोनदा थांबले. मागच्या बाकांवरूनही कुणी हसलं नाही. विशाखा मान खाली घालून ऐकत होती. साहेबराव दाराबाहेर उभे होते. दोघा निरपराध माणसांना मनातल्या मनात चोर ठरवल्याची लाज वाटून ते मालविकाशी दिवसभर फार बोलले नाहीत.

विशाखा तिथेच शिकली आणि बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. सरांना रोज नमस्कार करायची, विचारलं तर उत्तरही द्यायची. पण वर्ष संपेपर्यंत सरांच्या वहीत तिने एकही वाक्य स्वतःचं लिहिलं नाही. सगळी गाईडातली उतरवायची. त्यांत चूक कधीच नसायची, आणि जिलानी सर मुकाट्याने गुण देत राहिले.