वडिवळ्याच्या लग्नाचा दुसरा आवाज

शाळेतून निवृत्त झाल्यावर शुभदाबाईंना एकच व्यसन लागलं, डिस्कचं. त्यांचा नवरा अतुल लग्नांचं शूटिंग करायचा. मावळातल्या कितीतरी जोडप्यांनी त्याच्या कॅमेऱ्याकडे बघत, लाजत एकमेकांना घास भरवले होते. चार वर्षांपूर्वी तो हृदयविकाराने गेला आणि वलवणच्या घरात माळाभर डिस्क मागे राहिल्या. भंगारवाल्याच्या हवाली करायचा शुभदाबाईंना जीव होईना, आणि उघडून बघायचाही होईना.

त्यातून वाट काढली ती पुण्यातल्या काही हौशी मंडळींनी. घरगुती चित्रीकरणाच्या डिस्कची एक सामाईक सूची त्यांनी इंटरनेटवर सुरू केली होती. डिस्कमध्ये कोण रडतंय, कोण नाचतंय हे तिथे कुणी विचारत नव्हतं. प्रकार कोणता, लांबी किती, चित्र चौकोनी की रुंद, आवाजाचे ट्रॅक किती, आतल्या कड्यावर नंबर काय, एवढंच भरायचं. शुभदाबाईंनी जन्मभर भूगोल शिकवलेला. हे काम त्यांना अक्षांश-रेखांशांसारखं वाटलं. भावना बाजूला आणि नोंद चोख.

सूचीचा एकच कडक नियम होता. स्वतः बघितलेलंच भरायचं, आणि तीच डिस्क ज्याच्याकडे असेल त्याने ते तपासायचं. या नियमापायीच त्यांची रेणुकाशी गाठ पडली.

रेणुका सोमाटण्याची. तळेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायची आणि तीच खोड घरी घेऊन यायची. "काकू, तुमची लांबी एका सेकंदाने चुकलीय," असा तिचा पहिला निरोप. "तुझा प्लेअर म्हातारा झालाय," असं शुभदाबाईंचं उत्तर. महिनाभर असं कडाकडा भांडल्यावर पोरीने एक दिवस कळवलं, "वडिवळ्याचं ते लग्न माझ्या आईपप्पांचं आहे. वर 'अतुल व्हिडिओ, वलवण' लिहिलंय. ते तुमचे कोण?"

त्या दिवसापासून दोघींची गट्टीच जमली.

त्या लग्नाची नोंद दोघींनी मिळून पक्की केली होती. नवरी प्रेरणा, नवरा प्रदीप. पण सूचीत नावांना जागा नव्हती. डीव्हीडी, चित्र चौकोनी, आवाजाचा ट्रॅक एक. नोंदीसोबत लावायच्या कव्हरसाठी एखादं छान दृश्य हवं, म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी शुभदाबाईंनी ती डिस्क पुन्हा लावली. पांढरीशुभ्र साडी नेसलेली प्रेरणा, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे लावलेल्या मेणबत्त्या, पंचशील म्हणताना चवड्यांवर उभं राहून पुढे बघणारी पोरंटोरं. रिमोट उचलताना त्यांचं बोट चुकून आवाजाचा ट्रॅक बदलायच्या बटणावर पडलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला. दोनपैकी दोन.

बँडचा आवाज मागे सरला, आणि कुणीतरी अगदी कानाजवळ खुदकन हसलं.

"ती बघ, हिरव्या लुगड्यातली. तीन पंगतींना जेवली ती! आन ही मी. काय पन दिसतीया, म्हशीवानी."

शुभदाबाईंनाही हसू फुटलं. तो आवाज अतुलच्या वडिवळ्याच्या चिमाआत्याचा होता. पडद्यावर चिमाबाई पंगतीत जिलेब्या वाढत होत्या आणि आवाजातल्या चिमाबाई स्वतःलाच नावं ठेवत होत्या. अतुलने नंतर कधीतरी आत्याला समोर बसवून गंमत म्हणून भरून घेतलं असणार. तो होताच तसा. शुभदाबाई मांडी घालून ऐकत बसल्या.

"नवरदेवाचं बूट बघ, घट्ट झाल्यात. कसा लंगडतोय. आन ह्यांची पोर आता कंपनीत जातीया म्हनं. निळी स्कूटी घेतलीया."

शुभदाबाईंचं हसू तोंडावरच थांबलं. रेणुकाने स्कूटी गेल्या दिवाळीत घेतली होती. चिमाआत्या गेल्या तेव्हा ही पोर रांगत होती.

"आत्या, हळू बोल," एक पुरुषी आवाज म्हणाला. "घरी शुभदा ऐकतेय."

बाहेर धरणाकडच्या रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. भीती वाटायला हवी होती, पण शुभदाबाईंच्या छातीत भलतंच काहीतरी भरून आलं. चार वर्षांत तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता. कॅमेऱ्यामागचा माणूस, त्याने सगळ्यांचे आवाज साठवले, त्याचा स्वतःचा कुठेच नव्हता.

"अहो," त्या पडद्याला म्हणाल्या. मग स्वतःशीच लाजल्या.

डोळे पुसून त्यांनी सूची उघडली आणि नियमाप्रमाणे दुरुस्ती टाकली. "आवाजाचे ट्रॅक दोन. कृपया तपासावे."

रेणुकाचं उत्तर लगेच आलं. "माझ्याकडे एकच आहे. सूचीत भुतं भरायची नाहीत हं काकू! उद्या सकाळी येते. कारखान्यात माझी दुपारची पाळी आहे."

दुसऱ्या दिवशी ती आली ती डिस्क छातीशी धरूनच. आधी तिची लावली. ट्रॅक एक. मग शुभदाबाईंची लावली. ट्रॅक दोन. रेणुकाने दोन्ही डिस्क उन्हात धरून आतल्या कड्यावरचे नंबर ताडून बघितले.

"एकाच गठ्ठ्यातल्या आहेत," ती म्हणाली. "गंमतच आहे. ऐकवा तरी."

चिमाबाई भलत्याच रंगात होत्या. बुटांचं ऐकून रेणुका हसून हसून आडवी झाली. "अय्या, पप्पा अजून सांगतात, लग्नात बूट चावत होते म्हणून!" शुभदाबाईंनी तिच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली, पण तिने हात जोडले. "नको काकू. आज कंपनीत मैत्रिणीचा वाढदिवस आहे, तिथे हाणणार आहे."

"आली का पोर?" चिमाबाई म्हणाल्या.

रेणुका सरळ होऊन बसली.

"वाळलीया लय. जेवली न्हाई सकाळधरनं. आन आता कुटं न जेवता निघाली?"

रेणुकाने शुभदाबाईंकडे बघितलं. "काकू, खरं सांगा. हे तुम्ही कुणाकडून भरून घेतलंत?"

"मी? मला कव्हर स्कॅन करता येत नाही, तेसुद्धा तूच करून देतेस."

रेणुका हसली, पण हसता हसताच तिने हेल्मेट उचललं. "शिफ्ट आहे. घरी गेल्यावर आईला विचारते, ही आजी कोण म्हणून." फाटकाबाहेर तिने दोनदा हॉर्न वाजवला आणि निळी स्कूटी जुन्या हायवेकडे वळली.

पोरीला चार घास तरी खायला लावायला हवे होते, असं मनाशी म्हणत शुभदाबाई आत आल्या. डिस्क चालूच होती. ट्रॅक दोन.

पण चिमाबाई बोलत नव्हत्या. अतुलही बोलत नव्हता. पडद्यावर पंगत बसली होती, द्रोण-पत्रावळ्यांची सळसळ ऐकू येत होती, एवढंच. त्यांनी आवाज वाढवून बघितला. बोलणारी माणसं उठून कुठेतरी गेल्यावर बैठक जशी गप्प होते, तसं ते होतं.

त्या बसून राहिल्या. कपभर चहा झाला, त्याचं भांडं विसळून झालं, तरी ट्रॅक गप्पच होता.

मग फोन वाजला.

"काकू!" रेणुकाच्या तोंडात घास होता. "तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. कामशेतच्या अलीकडे रस्त्याला मांडव लागलाय. एका म्हातारीने स्कूटीचं हँडलच धरलं. म्हणाली, न जेवता कुटं चालली? अगदी तुमच्या डिस्कमधल्या आजीसारखी! काय गोड माणसं आहेत! बुंदी तर..."

तिच्या मागे बँड वाजत होता. तोच बँड समोर टीव्हीतही वाजत होता.

"रेणुका, कुणाचं लग्न आहे?"

"विचारलंच नाही अजून. सगळे पांढऱ्या कपड्यांत आहेत, आमच्यातलंच कुणाचंतरी असेल. आणि इथे शूटिंगवाले काका आहेत, खांद्यावर एवढा मोठा जुना कॅमेरा घेऊन! तुमचं नाव घेतलं तर कसे हसले."

फोनमध्ये कुणीतरी हसलं. टीव्हीतही हसलं.

शुभदाबाईंच्या ओठांवर एकच वाक्य आलं. त्यांना फोन दे. एकदाच दे.

ते त्यांनी गिळलं.

"रेणुका, ऊठ. हात धुऊ नकोस, काही नको. तशीच ऊठ आणि स्कूटीवर बस."

"असं कसं काकू? पंगतीतून मधेच उठतात का? शेजारच्यांचं तरी होऊ दे."

"मी सांगते ना, ऊठ!"

"अहो, ते माझंच शूटिंग करतायत. थांबा हं."

शुभदाबाईंनी मान वर केली.

पडद्यावर प्रेरणा आणि प्रदीप दोघं मिळून पंगतीला आग्रह करत होते. त्यांच्या पाठीमागच्या ओळीत मांडी घालून एक मुलगी बसली होती. मांडीशेजारी हेल्मेट, कानाला मोबाईल. तिने कॅमेऱ्याकडे बघून बुंदीने भरलेला हात हलवला.

"दिसले का?" फोनमध्ये ती विचारत होती.

कॅमेरा तिच्यावरून पुढे सरकला. शेजारच्याची पत्रावळ भरलेली होती. त्याच्या शेजारच्याचीही. तो सावकाश सरकत राहिला, एकेक चेहरा दाखवत राहिला. मांडवाचा कापडी आडोसा केव्हाच मागे पडला होता, तरी माणसं मांडी घालून बसलेलीच होती. कुणाचंही जेवण झालेलं नव्हतं, आणि वाढपी भाताची नवी घमेली घेऊन येतच होते.