टीव्हीच्या डाव्या कडेला

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नंतर हसू येणार नाही.

ही हकीकत माझ्या आतेबहिणीची, विनीताताईची. ह्यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. मार्चमधला दुसरा गुरुवार. इंदूर, राजेंद्र नगर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आणि रात्र-बित्र काही नाही... भर दुपारचे पावणेबारा.

ताईची आई, म्हणजे माझी आत्या, जाऊन दहा दिवस झाले होते. धाकटा भाऊ हृषीकेश आणि त्याची बायको सुरभी दशक्रियेसाठी नर्मदेवर गेले होते. ताईचा पाय प्लास्टरमध्ये. जिन्यावरून पडली तेव्हा पाय मोडला आणि हातातल्या लॅपटॉपचा स्क्रीनही गेला. म्हणून लॅपटॉप वायर लावून टीव्हीला जोडला होता. सुरभी घाटावरून व्हिडिओ कॉलवर सगळा विधी दाखवत होती.

घरात ताई आणि तिचे वडील, नाना. दोघंच.

नानांचं वय ब्याऐंशी. शुगर जुनी. त्यात त्या दिवशी म्हातारा हट्टाला पेटलेला. सकाळी सवयीनं इन्सुलिन टोचून घेतलं, आणि मग म्हणाले, "कावळा शिवेपर्यंत मी काही खाणार नाही."

"नाना, मरायचंय का तुम्हाला?"

"चौपन्न वर्षं ती माझ्याआधी जेवली नाही. आज मी तिच्याआधी जेवू?"



पिंड मांडून दीड तास झाला. कावळे नव्हते असं नाही. चांगले आठ-दहा होते. जवळ यायचे... आणि एकदम दचकून उडायचे.

हृषी हात जोडून रडकुंडीला आला होता. "आई, नानांना मी सांभाळीन. ताईला अंतर देणार नाही. अजून काय राहिलंय, सांग ना!"

कावळा काही शिवेना.

इकडे नानांची शुगर उतरत चालली, दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. ताईनं साखरेची वाटी पुढे केली. नानांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाना, पाया पडते तुमच्या. चिमूटभर."

नाहीच.

आणि तेव्हा तिला ते दिसलं.

टीव्हीच्या डाव्या कडेला...

बोटं.

कावळा पिंडाजवळ आला की बोटं पडद्यात यायची, त्याला हाकलायची, आणि पुन्हा कडेबाहेर जायची.

ताईचं डोकंच फिरलं. "सुरभी! आधी त्या बाईला उठव तिथून! कावळे हाकलून राहिलीये ती!"

"कोण बाई, ताई?"

"अगं, पिंडाच्या डाव्या हाताला!"

"ताई, कसम से, इथे तो कोणीच नाहीये. सगळे लोक माझ्या मागे उभे आहेत."

पण हात तर समोर दिसत होता!

चित्र पूर्ण नव्हतं, हे ताईच्या लक्षात आलं. आत्याला सीरियलमधले चेहरे मोठे लागायचे, म्हणून टीव्ही कायम झूमवर. चारी कडा कापलेल्या. ताईनं रिमोटवरचं पिक्चर साइजचं बटण दाबलं. सगळी माणसं काडीसारखी बारीक झाली. पुन्हा दाबलं. कड थोडी उघडली.

मनगट दिसलं.

हिरवा चुडा...

आत्या सवाष्ण गेली. तो चुडा ताईनं स्वतः तिच्या हातात भरला होता. दहा दिवसांपूर्वी. गार पडलेल्या हातात.

ताईचा अंगठा बटणावरच होता. तो कसा दाबला गेला, तिला अजून सांगता येत नाही.

स्क्रीन फिट. पूर्ण चित्र.

आत्या बसली होती. एक गुडघा उभा करून, पंगतीत वाढून झाल्यावर बसायची तशी. कावळे हाकलत होती, पण रागानं नाही. जेवणाऱ्याच्या ताटावरच्या माश्या वारतो ना आपण, तशी.

तिच्या पलीकडे, अगदी शेवटच्या कडेला, पाट मांडला होता.

पाटावर...

नाना.

तोच बंडी-लेंगा. तोच चष्मा. आत्यानं पिंडातला भात त्यांच्यापुढे सरकवला.

ताईनं मान वळवली. शेजारच्या खुर्चीत नानांची मान छातीवर पडली होती.

"नाना! ओ नाना!"

प्लास्टरचा पाय फरफटत ती त्यांच्यापाशी पोचली. दातखीळ बसलेली. तिनं बोटानं ओठ उचलून साखर हिरड्यांना चोळायला सुरुवात केली. डोळे मात्र टीव्हीवर.

पडद्यावरच्या नानांनी घास उचलला.

"आई, नको गं! एकदम दोघं नका गं जाऊ! माझं कोण आहे मग? आई!"

घास तोंडाशी गेला...

ताई साखर चोळत होती. ओरडत होती. रडत होती.

खुर्चीतले नाना खोकले.

तिनं वर पाहिलं. पाट नाही. आत्या नाही. नुसता घाट. आणि टीव्हीतून एकच गलका, "शिवला! शिवला!" हृषी पायऱ्यांवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

ताईनं नानांना छातीशी धरलं. नॅपकिननं त्यांचं तोंड पुसलं.

नॅपकिनवर साखर होती.

भाताचं एक शीत होतं...

आणि दोन काळे तीळ.

त्या दिवशी घरात भात शिजलाच नव्हता. तीळ घातलेला भात तर पिंडाचाच असतो.

ह्याला आज अकरा दिवस झाले. नाना शुद्धीत आहेत. पेपर वाचतात, नावं बरोबर घेतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, "मैडम, कुछ भी खिलाओ, बस खिलाओ." सलाइनवर माणूस किती दिवस काढणार? सहा किलो वजन उतरलंय.

कारण नाना जेवत नाहीत.

काल मी तिथेच होतो. ताई ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली. वरण-भात कालवून घास पुढे केला. "नाना, दोन घास. माझ्यासाठी."

नाना हसले. मिशी पुसली.

"अगं, आत्ताच तर जेवलो. किती आग्रह करते ती!"

आणि भरल्या पोटाचा चांगला मोठा ढेकर दिला.

ताईचा घास तसाच हातात राहिला.