काळेवाडीतलं पहिलं कुलूप

पिंपरीला कारखाना उभा राहिला, परगावची माणसं आली आणि काळेवाडीच्या दौलतरावांना चोरांची धास्ती पडली. तोवर गावात दाराला कडी लागे ती कुत्र्यामांजरांसाठी. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

दौलतरावांनी खिडक्यांना गज बसवले, पुढच्या दाराला आतून अडसर घातला आणि मागच्या दाराला पुण्याहून आणलेलं पितळी कुलूप लावलं. महिना सरायच्या आत देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक गेला. कुलूप मात्र जसंच्या तसं.

चिंचवडचे मारुतराव पूर्वी पोलिसात होते, आता खाजगी तपास करत. टाक शोधून द्यायला दौलतरावांनी त्यांना बोलावलं. सोबतीला चिमाजी, मनानं सोनं, डोक्यानं जरा सावकाश.

"चोर आमचा गडी, भैरू," दौलतराव म्हणाले. "आमी नवराबायको बाजारात, किल्ली माझ्या कनवटीला. घर ठावं असलेला दुसरा कोन? सांजच्याला फौजदार येतोय."

मारुतराव देव्हाऱ्यापुढे वाकले. टाकाच्या जागी अक्षता होत्या, वर एक सुपारी.

"ही तुम्ही ठेवलीत?"

"न्हाई बा," दौलतरावांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या. "सासूबाईंचं वळण व्हतं तसं. देव हलवला तर जागा रिकामी ठेवायची न्हाई. त्या दिशी परतलो तर तुळसबी भिजलेली. भैरूनं पानी घातलं असंल."

गोठ्याशी बसलेल्या भैरूनं नाही म्हणून मान हलवली. "मी दिसभर नदीकडच्या रानात व्हतो. माझ्या रंभीचं लगीन ठरलंय, राव. व्याह्यांच्या कानावर हे गेलंय. आता मोडतो म्हनत्यात."

गज बसवणारा सयाजी सुतार तर वैतागलेलाच होता. "मी म्हनलं व्हतं, मागलं दारच नवं करा. मालकांनी कुलपावर भागवलं."

मारुतराव त्या दाराशी उकिडवे बसले. दाराला बिजागऱ्या नव्हत्या. फळीचा खुंट उंबऱ्यालगतच्या दगडी खळग्यात फिरत होता. खळग्याची कड ताजी खरवडलेली होती.

"दौलतराव, लहानपणी आई कोंडायची का तुम्हाला?"

दौलतराव हसले. "कोंडायची की. तरी मी आन माझी बहीण इंदी पवनेत पोहायला हजर. आईला कदी उमगलं न्हाई."

"बहीण कुठं दिली?"

"हितंच, माणला."

"चिमाजी, सायकल काढा. माणला जाऊन इंदुताईंना घेऊन या."

चिमाजीला काही कळलं नाही, पण तो गेला.

उन्हं उतरली तेव्हा इंदुताई बैलगाडीतून उतरली. सगळे परसात जमले होते. मारुतरावांनी बंद दाराची एक फळी दोन्ही हातांनी वर उचलली. खुंट खळग्यातून निघाला, फळी आत सरकली. कुलूप कडीत लोंबकळतच राहिलं.

"ही युक्ती सुताराला ठाऊक आणि इथं वाढलेल्या दोन पोरांना. पण चांदीवर डोळा असलेला देवाच्या जागी सुपारी कशाला ठेवील? तुळशीला पाणी कशाला घालील? ते वळण या घरच्या लेकीचं. भाऊ तर बाजारात होता."

इंदुताईनं पदराआडून टाक काढला. "चार कोस उन्हात आले, दादा, तर माहेराला टाळं. जल्मात बघितलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून रडले. मग वाटलं, हितं आता आपलं कोन न्हाई, देव तरी न्यावा. भैरूवर आळ आला ते आज कळलं, आधी कळतं तर पळत आले असते."

दौलतरावांना तोंड वर करवेना. मग त्यांनी दारालगतच्या खुंटीवरचं पागोटं काढून डोक्याला घातलं.

"भैरू, चुकलं माझं. ऊठ. वाटेत फौजदाराला माघारी धाडू आन तुझ्या व्याह्याकडं जाऊ. खरं काय ते मी माझ्या तोंडानं सांगतो. माझ्या घरची अब्रू गेली तरी चालंल."

भैरू उठला. सवयीनं मागच्या दाराकडे बघून म्हणाला, "मालक, कुलूप?"

"कशाला?" दौलतराव म्हणाले. "इंदी हाय घरात."